शर्यतीसाठी जुनं लढाऊ विमान बदललं की धोका नेमका कुठे लपतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. अमेरिकेत एरोस्पेस इंजिनिअरिंग शिकणाऱ्या एका मराठी विद्यार्थ्याला हवाई शर्यतीच्या एका टीमने सुट्टीत हँगरमध्ये मदतीला बोलावलंय. टीमकडे दुसऱ्या महायुद्धातलं, शर्यतीसाठी बदललेलं विमान आहे. तो विचारतो: "ही विमानं लढाईसाठी बांधलेली, गोळ्या खाऊन परत येणारी. पंख थोडे कापले, इंजिन थोडं वाढवलं तर एवढं काय बिघडतं? २०११ साली रेनोमध्ये एका स्क्रूमुळे अकरा माणसं गेली, हे खरं का? आणि मी जाऊ का?"

मी विमानांच्या एअरफ्रेमवर, म्हणजे इंजिन सोडून उरलेल्या सांगाड्यावर, चौतीस वर्षं काम केलं, आधी हवाई दलात आणि नंतर नागरी क्षेत्रात. त्यातली बरीच वर्षं पंख्याच्या जुन्या विमानांवर गेली. रेनोच्या अपघाताचा तपास मी नव्या मेकॅनिकांना शिकवताना वारंवार वापरलाय, म्हणून मधल्या प्रश्नापासून सुरुवात करतो.

ते खरं आहे. पण "एका स्क्रूमुळे" म्हटलं की गोष्ट अर्धीच सांगून होते.

१६ सप्टेंबर २०११. नेवाडातल्या रेनो शहराजवळचा स्टेड विमानतळ, दुपारचे साडेचार वाजत आलेले. 'गॅलपिंग घोस्ट' नावाचं पी-५१डी मस्टँग, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं अमेरिकन लढाऊ विमान, तिसऱ्या फेरीत तिसऱ्या क्रमांकावर होतं. वैमानिक जिमी लीवर्ड ७४ वर्षांचे होते, शर्यतींचा दीर्घ अनुभव असलेले. शर्यतीचा मार्ग दाखवणाऱ्या खांबांपैकी आठव्याकडून नवव्याकडे येताना, ताशी सुमारे ८२५ किलोमीटर वेगात, विमान एकाएकी डावीकडे कलंडलं आणि लगेच नाक वर करून उसळलं. त्या उसळीत १७.३ जी, म्हणजे नेहमीच्या वजनाच्या १७.३ पट, इतका भार आला. सत्तर किलोच्या माणसाचं वजन त्या क्षणी बाराशे किलो होतं, असा त्याचा अर्थ. लीवर्ड तिथेच निश्चेष्ट झाले. त्यानंतरच्या फोटोंत शेपटीचं चाक आपोआप बाहेर आलेलं दिसतं आणि कॉकपिटमध्ये माणूस दिसत नाही. दहा सेकंदांच्या आत विमान धावपट्टीजवळच्या प्रेक्षकांच्या खुर्च्यांमध्ये कोसळलं. लीवर्ड आणि दहा प्रेक्षक गेले, साठांहून जास्त माणसं जखमी झाली.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने ऑगस्ट २०१२ मध्ये कारण जाहीर केलं. आडव्या शेपटीवर विमानाचं नाक वर-खाली करणारी हलती फळी असते, ती एलिव्हेटर. तिच्या मागच्या कडेला ट्रिम टॅब नावाची छोटी झडप असते, ती एलिव्हेटरला हव्या त्या जागी धरून ठेवायला मदत करते. तिला बिजागरीशी धरून ठेवणारे स्क्रू ज्या लॉकनटमध्ये बसवलेले होते, त्या नटांतले इन्सर्ट झिजून निकामी झालेले होते. नट पकड सोडत गेले, स्क्रू ढिले झाले, एका स्क्रूला फटीग क्रॅक, म्हणजे पुन्हापुन्हा ताण येऊन पडणारी भेग, गेली. टॅब हवी तितकी ताठ राहिली नाही. प्रचंड वेगात तिला फ्लटर, म्हणजे हवेनेच वाढत जाणारी थरथर, सुरू झाला आणि डाव्या टॅबची जोडदांडी तुटली. मंडळाने कारणांच्या याच साखळीत आणखी एक गोष्ट लिहिली: विमानात केलेले मोठे बदल कागदावर नोंदवलेले नव्हते आणि चाचणी करून तपासलेलेही नव्हते.

आता लॉकनटकडे जरा थांबू, कारण माझं सगळं म्हणणं या नटात आहे.

सेल्फ-लॉकिंग नटाच्या तोंडाशी फायबरची किंवा नायलॉनची रिंग असते. स्क्रू त्या रिंगेतून जाताना आटे स्वतःचे कापून घेतो आणि रिंग त्याला आवळून धरते. म्हणून असा नट बोटांनी पूर्ण फिरत नाही, शेवटच्या काही आट्यांना पाना लावावाच लागतो. नट जितक्या वेळा काढाल-घालाल, तितकी रिंग सैल होते. वर्षानुवर्षं ऊन, तेल, पेट्रोल लागलं तरी ती कडक होऊन मरते. बाहेरून नट तसाच चकचकीत दिसतो. मी नवीन असताना आमच्या सार्जंट साहेबांनी एका ट्रेनर विमानाच्या शेपटीवरचा नट माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "लाव." मी बोटांनी सरसर शेवटपर्यंत नेला. त्यांनी तो माझ्या हातातून घेतला आणि कचऱ्याच्या डब्यात टाकला. "बोटांनी बसतो तो नट नव्हे." बस्स, एवढंच शिकवणं. पुढे कित्येक वर्षांनी एका हँगरमध्ये मी स्वतः अशा सात नटांची रांग काढली. एका विमानाच्या टॅबवरचे ते नट, आणि त्यांतले पाच बोटांनी फिरत होते. विमान आदल्या आठवड्यात उडून आलं होतं. त्या दिवशी मी घरी गेलो ते जेवलो नाही.

असा नट काही रुपयांचा असतो. गॅलपिंग घोस्टवर लाखो डॉलर आणि कित्येक वर्षांची मेहनत लागली होती. इंजिन, पंख, थंड करण्याची व्यवस्था, कॉकपिटची छत्री, सगळ्यावर माणसांनी डोकं चालवलं. शेपटीत मात्र जुने नट तसेच राहिले. बदललेल्या विमानात जे बदललं त्याकडे सगळ्यांचं लक्ष असतं, कारण ते नवीन असतं आणि त्यावर पैसा लागलेला असतो. धोका बऱ्याचदा त्या भागात बसलेला असतो जो कोणीच बदलला नाही, पण ज्याच्यावरचं काम आता दुप्पट झालंय.

दुप्पट कसं, ते बघा. हवेचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग वीस टक्क्यांनी वाढवला की दाब चव्वेचाळीस टक्क्यांनी वाढतो, चाळीस टक्क्यांनी वाढवला की जवळजवळ दुपटीवर जातो. इंजिनचा माणूस म्हणतो, "आपण वीस टक्के वेग मिळवला." शेपटीतल्या टॅबला ते वीस टक्के नसतात. शिवाय युद्धातलं मस्टँग तो कमाल वेग सूर मारताना क्षणभर गाठायचं. शर्यतीत ते जमिनीजवळच्या दाट हवेत, खांबाभोवतीच्या वळणात चार-पाच जी खेचत, फेरीमागून फेरी त्या वेगाच्या आसपास राहतं. विमान लढाईसाठी बांधलेलं होतं हे खरं, पण हे काम त्याच्याकडून कोणी मागितलं नव्हतं.

फ्लटर म्हणजे काय, हे ज्याने प्रत्यक्ष पाहिलं नाही त्याला समजावणं अवघड जातं. एसटीची सैल काच आठवा. ठरावीक वेगाला ती थडथडायला लागते, गाडी हळू झाली की गप्प होते. तिथे तिला हलवतो तो इंजिनाचा आणि रस्त्याचा हादरा, म्हणून तो एका मर्यादेत राहतो. विमानात टॅबला हवा स्वतः हलवते. टॅब जरा वर गेली की हवा तिला परत ढकलते, ती पलीकडे जाते, हवा पुन्हा ढकलते. झोपाळ्याला प्रत्येक वेळी नेमक्या क्षणी धक्का मिळत राहिला तर काय होईल? वेग एका उंबरठ्याच्या खाली असेल तर ही हालचाल आपोआप विरते. उंबरठा ओलांडला की प्रत्येक फेरीला वाढत जाते आणि एक-दोन सेकंदांत धातू फाटतो. वैमानिकाला काही करायला वेळच मिळत नाही.

हा उंबरठा कुठे आहे, ते टॅबच्या ताठपणावर, तिच्या वजनाच्या वाटणीवर आणि जोडातल्या 'प्ले'वर, म्हणजे ढिलाईवर, ठरतं. म्हणून आमच्याकडे एलिव्हेटर किंवा रडर (उभ्या शेपटीवरची हलती फळी) नुसतं रंगवलं तरी बॅलन्स पुन्हा तपासावा लागतो, कारण रंगालाही वजन असतं. जोडात केसाएवढा प्ले वाढला तरी उंबरठा खाली येतो. आणि शर्यतीचं विमान दरवर्षी आपला वेग वर नेत असतं. एक रेघ खाली येतेय, दुसरी वर जातेय. त्या कुठे भेटतील, हे चाचणीशिवाय कोणालाच माहीत नसतं.

गॅलपिंग घोस्टच्या शेपटीत आणखीही बदल होते. मूळ मस्टँगच्या एलिव्हेटरला दोन्ही बाजूंना हलणारे ट्रिम टॅब असतात. इथे उजवा टॅब एका जागी पक्का बसवलेला होता, सगळं काम एकट्या डाव्याकडे. एलिव्हेटरची प्रतिवजनं वाढवलेली, कंट्रोलमधल्या इनर्शिया वजनात फेरफार, आडव्या शेपटीचा कोन बदललेला. यातला प्रत्येक बदल एकेकटा घेतला तर त्यामागे कारण आहे. वेग वाढला की विमान नाक वर करायला बघतं, त्याला खाली दाबून ठेवायला ट्रिम लागतो. उजवा टॅब थांबवला की हवेचा विरोध जरा कमी होतो, जोडांची संख्याही कमी होते. पण दोन टॅबपैकी एक गेला तर दुसरा थोडंफार सांभाळतो, ही सोय त्याबरोबर गेली. माझ्या मते संपूर्ण यादीत सर्वांत महागात पडलेला बदल हाच. वेगासाठी पंख कापणं मला समजतं. दुसरा आधार काढून घेणं मला आजही समजत नाही.

पंखांचंही बघू. मूळ मस्टँगचा पंखविस्तार ११.३ मीटर. गॅलपिंग घोस्टचे पंख दोन मीटरांहून जास्त कापले होते आणि एलेरॉनही, म्हणजे विमान डावी-उजवीकडे कलवणाऱ्या पंखांवरच्या हलत्या फळ्या, जवळजवळ निम्मे केले होते. क्षेत्रफळ कमी झालं की सरळ उडताना विरोध घटतो. पण उरलेल्या पंखाच्या प्रत्येक चौरस मीटरवर जास्त वजन येतं, स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याच्या खाली पंख विमानाला उचलून धरू शकत नाहीत तो वेग, वाढतो, उतरतानाचा वेग वाढतो. एलेरॉन आखूड म्हणजे कलंडलेलं विमान सावरायला हाती कमी जोर. शर्यतीत पुढच्या विमानाच्या मागे भोवऱ्यांची हवा असते. तिच्यात सापडून विमान उलटायला लागलं तर तोच जोर लागतो.

पोटाखालचा मोठा रेडिएटरही काढला होता आणि त्याच्या जागी पाणी उकळून उष्णता बाहेर टाकणारी व्यवस्था बसवली होती. बाहेरून विमान किती देखणं झालं! पण रेडिएटर म्हणजे फक्त थंड करणं नव्हे. ते वजन आहे, ते शेपटीकडे जाणाऱ्या हवेला वळण देणारा आकार आहे. काढलं की गुरुत्वमध्य सरकतो, आणि उकळून जाणारं पाणी उड्डाणातच कमी होत जातं म्हणजे तो पुन्हा सरकतो. मस्टँग याबाबत मुळातच नाजूक. युद्धात वैमानिकाच्या मागे ८५ गॅलनची जादा टाकी बसवली तेव्हा ती भरलेली असताना जोराच्या कसरती करू नका आणि तिच्यातलं इंधन आधी संपवा, अशी ताकीद वैमानिकांना द्यावी लागली होती.

आणखी एक उदाहरण सांगतो, कारण "विमान मजबूत आहे, थोडं बदललं तर काय" या समजुतीवर यापेक्षा चांगलं उत्तर मला माहीत नाही. पी-५१डी हाच मुळात एक बदल होता. आधीच्या मस्टँगला वैमानिकामागे उंच पाठ होती, मागचं दिसायचं नाही. कारखान्याने ती पाठ उतरवली आणि बुडबुड्यासारखी पारदर्शक छत्री बसवली. मागणी योग्य, काम सुबक. पण पाठ गेल्याने विमानाची दिशा धरून ठेवण्याची ताकद कमी झाली, आणि नंतर उभ्या शेपटीच्या पुढे एक तिरपी पट्टी जोडून ती भरून काढावी लागली. म्हणूनच नंतरच्या डी मस्टँगांच्या पाठीवर ती तिरपी पट्टी दिसते. हे नॉर्थ अमेरिकन कंपनीच्या हातून घडलं, जिच्याकडे विंड टनेल होते, चाचणी वैमानिक होते आणि मूळ आराखडा काढणारी माणसं त्याच इमारतीत बसत होती. शर्यतीच्या टीमकडे बहुतेक वेळा एक हँगर असतो, चार-पाच अतिशय हुशार हात असतात आणि शर्यतीची तारीख असते.

२०११ च्या आधी इशारा मिळाला नव्हता असंही नाही. १९९८ साली याच रेनोमध्ये 'वूडू' नावाच्या बदललेल्या मस्टँगचा ट्रिम टॅब तुटून गेला. विमान तसंच वर उसळलं, वैमानिक बॉब हॅना यांची शुद्ध हरपली. ते भानावर आले तेव्हा विमान ९,००० फुटांच्या वर होतं. त्यांनी ते सुखरूप उतरवलं. तोच भाग, तीच उसळ, फरक फक्त इतका की त्या वेळी विमानाचं नाक आकाशाकडे राहिलं. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १९९९ मध्ये, 'मिस अॅशली टू' हे मस्टँगच्या धर्तीवर बांधलेलं, लिअरजेटचे पंख लावलेलं विमान रेनोला शर्यतीत हवेतच फुटलं. फुटायला सुरुवात शेपटीकडून झाली. गॅरी लेविट्झ त्यात गेले.

सुरक्षेच्या कामात मला सगळ्यात भीती वाटते ती सुखरूप उतरलेल्या विमानाची. अपघात झाला की तपास होतो, तुकडे गोळा होतात, प्रयोगशाळेत स्क्रू कापून क्रॅक मोजला जातो. सुखरूप उतरलं की टाळ्या वाजतात आणि टॅब बदलून विमान पुन्हा उडतं. १९९८ च्या घटनेनंतर प्रत्येक बदललेल्या मस्टँगच्या शेपटीतले नट काढून बघायचे, एवढा एक नियम झाला असता तर? हा प्रश्न मी वर्गात दरवेळी विचारतो आणि दरवेळी वर्ग शांत होतो.

तरीही अशा विमानात बदल करूच नयेत, असं मी म्हणत नाही. त्याच वूडूने सप्टेंबर २०१७ मध्ये आयडाहो राज्यात तीन किलोमीटरच्या सरळ मार्गावर ताशी ८५५ किलोमीटरचा विक्रम केला. चालवणारे होते स्टीव्ह हिंटन ज्युनियर. काम नीट केलं तर काय होतं, हेही त्याच विमानाने दाखवलं.

इंजिनाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तो धोका सगळ्यांना माहीत असतो आणि म्हणूनच त्याची तयारीही असते. मस्टँगच्या मर्लिन इंजिनला युद्धात उड्डाण घेताना ६१ इंच मॅनिफोल्ड प्रेशर (इंजिनात ढकलल्या जाणाऱ्या हवेचा दाब) द्यायचे, आणीबाणीत ६७ आणि तेही पाच मिनिटं. शर्यतीत ते शंभर इंचांच्या पुष्कळ वर नेतात. ३,००० ऐवजी ३,४०० च्या आसपास फेरे, ताकद दुपटीच्या घरात. पिस्टनच्या डोक्यावर पेट्रोल अवेळी भडकू नये म्हणून पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण फवारतात. ती फवारणी काही सेकंद जरी खंडली तरी इंजिन आतून फुटतं. मर्लिनच्या मूळ कनेक्टिंग रॉड टिकत नाहीत म्हणून अॅलिसन इंजिनच्या जाड रॉड बसवतात. इंजिन गेलं की वैमानिक वेगाचं उंचीत रूपांतर करतो, वर चढतो आणि धावपट्टी निवडून निःशब्द उतरतो. रेनोमध्ये हे इतक्या वेळा झालंय की तिथल्या वैमानिकांची ती सवयच आहे.

पण इथेही बदल आपला वाटा मागतोच. १९७९ साली 'रेड बॅरन' नावाचं मस्टँग मर्लिनऐवजी ग्रिफॉन इंजिन आणि एकमेकांविरुद्ध फिरणारे दोन पंखे लावून उडत होतं. स्टीव्ह हिंटन सीनियर यांनी ऑगस्टमध्ये त्यावर ताशी ८०३ किलोमीटरचा विक्रम केला. महिन्याभरात रेनोला इंजिन गेलं, तेलाचा दाब गेला आणि तेलावर चालणारी पंख्यांची पाती सपाट झाली. दोन्ही पंखे मिळून हवेत भिंत उभी केल्यासारखं झालं. विमान धावपट्टीपर्यंत पोचलंच नाही. हिंटन गंभीर जखमी झाले, पण वाचले. वेगासाठी लावलेला पंखा इंजिन बंद पडल्यावर काय करेल, हा प्रश्न तो लावतानाच विचारायचा असतो.

आता खाली बसलेल्या माणसांचं. वैमानिक आपला जीव समजून-उमजून पणाला लावतो, हे आपण मान्य करू. तिकीट काढून मुलाबाळांना घेऊन आलेल्या माणसाने तसं काही मान्य केलेलं नसतं. आणि घरात बसलेल्या माणसाने तर नाहीच. ५ सप्टेंबर १९४९ ला क्लीव्हलंडच्या शर्यतीत बिल ओडम 'बेगीन' नावाचं पी-५१सी उडवत होते. त्याचा पोटाखालचा रेडिएटर काढून पंखांच्या टोकांवरच्या पॉडमध्ये बसवला होता. दुसऱ्या फेरीत वळणावर ताबा गेला आणि विमान बेरिया गावातल्या एका घरावर पडलं. ओडम गेले, त्या घरातली आई आणि तिचं तान्हं मूलही गेलं. त्यानंतर क्लीव्हलंडला अशा मोठ्या विमानांची शर्यत बंदच झाली. पुढे १९६४ मध्ये बिल स्टेड यांनी रेनोला ती परत सुरू केली, वाळवंटाच्या कडेला, घरांपासून दूर. ही जागा निवडण्यामागचं शहाणपण मला पटतं. पण घरं दूर गेली तरी प्रेक्षक जवळच राहिले.

२०११ नंतर सुरक्षा मंडळाने नेमकं हेच धरलं. मार्गाची वळणं अशी असावीत की ताबा सुटलेल्या विमानाची धाव गर्दीकडे येऊ नये, आणि गर्दीसमोर इंधनाचा टँकर उभा नसावा. प्रेक्षक किती अंतरावर हवेत याबद्दल सरकारचीच मार्गदर्शक कागदपत्रं एकमेकांशी जुळत नव्हती, ती जुळवावीत. वैमानिकांना जी-भाराचं प्रशिक्षण द्यावं आणि जी-सूट, म्हणजे जी-भारात शुद्ध टिकायला मदत करणारा पोशाख, वापरता येतील का ते बघावं. आणि मोठे बदल केलेल्या विमानाचं अभियांत्रिकी मूल्यमापन झाल्याशिवाय ते शर्यतीत उतरू देऊ नये. शेवटची शिफारस माझ्या दृष्टीने सगळ्यात मोलाची. कारण अशी विमानं अमेरिकेत 'एक्सपेरिमेंटल' वर्गात नोंदलेली असतात. प्रवासी विमानाला आराखड्याचा जो पुरावा द्यावा लागतो, तो इथे मागत नाहीत. हा वर्ग चांगल्या हेतूने आहे, त्याच्याशिवाय जुनी विमानं उडलीच नसती. पण पुरावा कोणी मागत नाही म्हणून पुराव्याची गरज संपत नाही.

रेनोची शर्यत २०२३ मध्ये तिथे शेवटची झाली. त्या वर्षी दोन टी-६ जातीची जुनी प्रशिक्षण विमानं शर्यत संपल्यावर उतरताना एकमेकांवर आदळली आणि दोन्ही वैमानिक गेले. त्याचा बदलांशी संबंध नव्हता, पण नोंद घ्यायलाच हवी. २०२५ पासून शर्यत न्यू मेक्सिकोतल्या रॉसवेलला गेली आहे.

आपल्याकडे शर्यती नाहीत, तरी तुलनेसाठी एक गोष्ट सांगतो. भारतीय हवाई दलाचं डाकोटा 'परशुराम' २०१८ मध्ये ब्रिटनमधून दुरुस्त होऊन भारतात आलं. तेही जुनंच विमान. पण त्याच्यावर केलेलं काम हे मूळ आराखड्याकडे परत नेणारं होतं. म्हणजे मूळ पुस्तिकेतल्या मर्यादा त्याला लागू पडतात. शर्यतीच्या विमानाची मूळ पुस्तिका पहिल्या कापाकापीबरोबर निरुपयोगी होते, आणि तिच्या जागी नवी पुस्तिका कोणी लिहिली आहे का, हा खरा प्रश्न असतो. त्यामुळे "विमान ऐंशी वर्षांचं आहे" याने मी घाबरत नाही.

आता शेवटचा प्रश्न, मी जाऊ का? जा. अशा हँगरमध्ये एका उन्हाळ्यात जे हाताला शिकायला मिळतं ते वर्गात चार वर्षांत मिळत नाही. त्या लोकांसारखे कसबी मेकॅनिक जगात थोडे आहेत. फक्त पहिल्या दिवशी इंजिनाभोवतीच्या घोळक्यात उभे राहू नका. तिथे आधीच पुरेशी माणसं असतात.

आधी बदलांची यादी मागा. तोंडी नको, लिहिलेली. प्रत्येक बदलासमोर कोणी काढला, कशाने तपासला, त्यानंतर कोणत्या वेगापर्यंत उडवून बघितला, हे असायला हवं. ज्या वेगाने शर्यतीत उडणार त्या वेगापर्यंत पायरीपायरीने चाचणी झालीय का, की शर्यत हीच चाचणी आहे, हे विचारा. नवीन आहात म्हणून विचारायला लाजू नका. नव्या माणसाचा प्रश्न लोक मनावर घेत नाहीत आणि खरं उत्तर देऊन टाकतात. कोणी चिडून उत्तर दिलं तर ती सुट्टी दुसरीकडे घालवा.

मग शेपटीकडे चला. परवानगी घ्या. एलिव्हेटर एका हाताने घट्ट धरा आणि दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी ट्रिम टॅबची मागची कड वर-खाली हलवून बघा. टिकटिक लागली, खट असा आवाज आला, तर तिथल्या प्रमुखाला लगेच बोलवा आणि डायल गेज लावून प्ले मोजायला सांगा. टॅब गप्प राहिली तरी खाली वाका आणि बिजागरीच्या नटांवरचा रंग बघा. रंगाचा थर नटावरून स्क्रूवर अखंड गेला असेल तर तो नट रंगकामानंतर कोणी काढलेला नाही. विमान शेवटचं कधी रंगवलं ते विचारा, मग लॉगबुक उघडा आणि ते नट शेवटचे कधी बदलले याची तारीख शोधा. तारीख सापडली नाही, तर सगळे नट नवीन बसवण्याचं काम स्वतःहून मागून घ्या. नव्या माणसाला असलं काम आनंदाने देतात. काढलेला एकेक जुना नट हातात घ्या आणि नव्या स्क्रूवर बोटांनी फिरवून बघा.